तेलगळतीनंतरचा शेअर : बीपी, २०१०

आजचा प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. एखाद्या तेल कंपनीच्या हातून समुद्रात प्रचंड तेल सांडलं, तिचा शेअर धाडकन कोसळला, तर तो त्या वेळी विकत घ्यावा का? हा प्रश्न खरं तर गुंतवणूक सल्लागाराला विचारायचा. आम्ही सल्लागार नाही, तेव्हा उद्या सकाळी काय घ्यावं हे इथे मिळणार नाही. २०१०च्या उन्हाळ्यात ज्यांना हा निर्णय खरोखर घ्यावा लागला, त्यांच्या हातात कोणती माहिती होती आणि कोणती नव्हती, एवढंच आज पाहू.

घटना बहुतेकांना ठाऊक आहे. २० एप्रिल २०१०च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून दूर, डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि सुमारे दीड हजार मीटर पाण्याखाली मकोंडो नावाची विहीर उघडी राहिली. विहिरीत ६५ टक्के हिस्सा बीपीचा, २५ टक्के अ‍ॅनाडार्कोचा, उरलेला १० टक्के जपानच्या मित्सुईच्या एका कंपनीचा. रिग ट्रान्सओशनची, विहिरीतलं सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं. ही नावं लक्षात ठेवा, कारण पुढची सहा वर्षं वाद चालला तो यातल्या कुणी किती भरायचं यावर.

आता एक गोष्ट आश्चर्याची वाटेल. न्यूयॉर्कमध्ये बीपीचा भाव तेव्हा ६० डॉलरच्या आसपास होता आणि पहिल्या आठवड्यात तो फारसा हललाच नाही. माणसं मेली, रिग बुडाली, तरी बाजार शांत. असं का?

आमच्या मते याचं उत्तर अलास्कात आहे. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन व्हाल्डीझ हे जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडलं. तेलाने माखलेल्या पक्ष्यांचे फोटो जगभर गेले. पण एक्झॉनचा शेअर थोडा घसरला आणि काही महिन्यांत सावरला. १९९४ मध्ये ज्यूरीने ५ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली, पुन्हा गेली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा ५० कोटी ७५ लाखांवर आणला. म्हणजे दहावा हिस्सा, तोही १९ वर्षांनी. वाट पाहणाऱ्या कोळ्यांपैकी कितीतरी जण तोवर हयात नव्हते. (जाता जाता सांगतो : त्या ५ अब्जांची तजवीज म्हणून एक्झॉनने जे. पी. मॉर्गनकडून कर्जाची सोय करून घेतली. तो धोका आपल्या डोक्यावरून उतरवण्यासाठी बँकेने एक नवा करार शोधला. क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप तो हाच. २००८च्या आर्थिक संकटात हे नाव घरोघरी पोचलं. तेलाचा डाग कुठवर जातो पाहा.)

तर बाजाराने अलास्कावरून धडा घेतला होता : गळतीची बातमी मोठी असते, बिल छोटं असतं. २०१० मध्ये हा धडा दोन ठिकाणी चुकला.

पहिलं म्हणजे जहाज आणि विहीर यांतला फरक. जहाजात किती तेल भरलंय हे कागदावर असतं. सगळंच्या सगळं सांडलं तरी वाईटात वाईट काय होईल याचा हिशोब मांडता येतो. उघड्या विहिरीला असा कागद नाही. ती बंद होईपर्यंत वाहणार. मकोंडो ८७ दिवस वाहिली, १५ जुलैला तिच्यावर झाकण बसलं.

दुसरं म्हणजे कायदा बदलला होता, आणि तो एक्झॉन व्हाल्डीझमुळेच बदलला होता. १९९०च्या तेल प्रदूषण कायद्याने सफाईचा सगळा खर्च जबाबदार कंपनीवर टाकला. बाकीच्या नुकसानभरपाईला साडेसात कोटी डॉलरची मर्यादा होती खरी, पण घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला की मर्यादा उठत असे. शिवाय जलप्रदूषणाच्या कायद्याखाली दंड पिंपामागे लागणार होता : साधारण ११०० डॉलर, आणि निष्काळजीपणा घोर ठरला तर ४३०० डॉलरपर्यंत. म्हणजे समुद्रात किती पिंपं गेली हा प्रश्न पर्यावरणाचा तर होताच, पण तो थेट ताळेबंदाचाही होता.

इथे सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येऊ. सुरुवातीला आकडा सांगितला गेला रोज १००० पिंपं. मग ५०००. कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत हाच आकडा फिरत होता. शेवटी सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज आला तो रोज ५० हजारांच्या वरचा, एकूण ४९ लाख पिंपांचा. आणि कंपनीच्या आतले अंदाज जाहीर आकड्यापेक्षा कितीतरी मोठे होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने बीपीवर ठपका ठेवला की गळतीच्या वेगाबद्दल गुंतवणूकदारांची दिशाभूल केली. बीपीने ५२ कोटी ५० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. आता मे महिन्यात हिशोब करायला बसलेल्या माणसाचा विचार करा. कायदा त्याला माहीत आहे, पिंपामागचा दर माहीत आहे, गुणाकारही येतो. पण ज्या आकड्याला गुणायचं तोच दहापटीने खोटा.

जूनमध्ये भीती बसली. १६ जूनला व्हाइट हाउसमधल्या बैठकीनंतर बीपीने नुकसानभरपाईसाठी २० अब्ज डॉलर बाजूला काढायचं मान्य केलं आणि त्या वर्षाचा उरलेला लाभांश रद्द केला. ब्रिटनमध्ये यावर मोठा आरडाओरडा झाला. तिथल्या बड्या कंपन्या जेवढा लाभांश वाटत, त्यातला सहा-सात पौंडांमागे एक पौंड एकट्या बीपीचा असे, आणि तो जाई पेन्शन फंडांत. लुइझियानाच्या कोळंबीवाल्याला पैसे द्यायचे, तर ते इंग्लंडमधल्या निवृत्त माणसाच्या खिशातून येणार होते. 'शेअरधारक' म्हटलं की आपल्यासमोर सिगार ओढणारा माणूस येतो. इथे तसं नव्हतं. पण त्या निवृत्त माणसाने आधीची कित्येक वर्षं लाभांश घेतला होता, आणि त्याच वर्षांत कंपनीने सुरक्षिततेत काटकसर केली होती, हेही विसरता येत नाही.

जूनच्या अखेरीला भाव २७ डॉलरच्या आसपास आला. निम्म्याहून खाली.

याच जूनमध्ये, ७ तारखेला, भोपाळच्या न्यायालयाने वायुकांडातल्या आरोपींना दोन-दोन वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्याकडे दोन्ही बातम्या शेजारी-शेजारी छापल्या गेल्या आणि तुलना होणं अटळ होतं. तिकडे आठ आठवड्यांत २० अब्ज डॉलर, इकडे हजारो मृत्यूंसाठी युनियन कार्बाइडने १९८९ मध्ये दिले ते ४७ कोटी. आम्हाला इथे आणखी एक गोष्ट दाखवायची आहे. ती तडजोड जाहीर झाली त्या दिवशी कार्बाइडचा शेअर चढला. आणि २ जुलै २०१५ रोजी बीपीने अमेरिकी सरकार व पाच राज्यांशी १८.७ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर केली, त्या दिवशी बीपीचाही शेअर चढला. एक रक्कम लाजिरवाणी छोटी, दुसरी तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठ्यांपैकी. बाजाराची प्रतिक्रिया सारखीच. त्याला रक्कम कळायला हवी असते, न्याय झाला की नाही हे तो विचारत नाही.

बरं, २७ डॉलरला ज्याने घेतला त्याचं काय झालं? त्याचं भलं झालं. २००९ मध्ये या कंपनीने साडेसोळा अब्ज डॉलरच्या आसपास नफा कमावला होता, विकायला जगभर मालमत्ता होती. ती बुडणार नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये लाभांश पुन्हा सुरू झाला, आधीच्या निम्म्याने का होईना, आणि त्याच महिन्यात रिलायन्सच्या भारतातल्या तेल-वायू क्षेत्रांत ३० टक्के हिस्सा घेण्यासाठी ७.२ अब्ज डॉलरचा करार झाला. मरणारी कंपनी असली खरेदी करत नाही. भाव तेव्हा ४५ डॉलरच्या वर होता.

पण ही गोष्ट इथेच थांबवणारे लोक अर्धीच गोष्ट सांगतात. जुलै २०१०च्या ताळेबंदात बीपीने गळतीपोटी ३२.२ अब्ज डॉलर धरले. अनेकांना वाटलं, चला, वाईट ते सगळं बाहेर आलं. मग २०१२ मध्ये कंपनीने ११ मृत्यूंबद्दलचा फौजदारी गुन्हा कबूल केला. २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी निष्काळजीपणा 'घोर' ठरवला. पुढे न्यायालयाने दंडासाठी ३१ लाख ९० हजार पिंपं धरली, सरकारच्या अंदाजापेक्षा बरीच कमी, तरीही एकूण खर्च ६५ अब्जांवर गेला. पहिल्या अंदाजाच्या दुप्पट. स्फोटाच्या आदल्या दिवसाचा भाव पुढच्या दहा वर्षांत एकदाही परत दिसला नाही. सावरला तो शेअर एक्झॉनसारखा सावरला नाही.

मग घ्यायला हवा होता का? आमचं मत विचाराल तर भाव पाहण्याआधी मागची पाच वर्षं पाहायला हवी होती. मार्च २००५, टेक्सास सिटीची बीपीची रिफायनरी, स्फोटात १५ मृत्यू. मार्च २००६, अलास्कातल्या प्रुडो बेला बीपीची गंजलेली पाइपलाइन फुटली. दोन्ही प्रकरणांचे चौकशी अहवाल छापील होते, कुणालाही वाचता येत होते, आणि दोन्हींत देखभालीवरच्या काटकसरीचा उल्लेख होता. अलास्कातलं जहाज एका रात्रीची चूक म्हणून खपवता आलं. मकोंडो तसं खपवणं अवघड होतं, आणि 'घोर' हा शब्द लागणार की नाही, म्हणजे पिंपामागे ११०० की ४३००, याचा अंदाज भावाच्या आलेखापेक्षा त्या अहवालांत जास्त होता. ते वाचायचे कष्ट किती जणांनी घेतले असतील, कोण जाणे.

तडजोडीची रक्कम एकदम भरायची नव्हती. १५ ते १८ वर्षांचे हप्ते पाडून दिले होते. २०१० मध्ये शाळेत असलेला मुलगा आज बीपीचा शेअर घेतो, तेव्हा त्या हप्त्यांतला आपला वाटा तोही उचलतो, आणि ते २०३०च्या दशकातही चालू असणार आहेत. आता प्रश्न घेऊ.