फणी-करंड्याचा इतिहास

अलिबागेचा इतिहास म्हटला की कान्होजी आंग्रे यांचे आरमार आणि कुलाबा किल्ला डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु घरोघरच्या स्त्रियांच्या साजशृंगाराचा इतिहास कोणत्याही बखरीत नाही. तो फणी-करंड्यातच राहिला आहे. करंड्याच्या एका कप्प्यात मेण, दुसऱ्यात कुंकू. कपाळी आधी मेणाचे बोट लावावयाचे, म्हणजे त्यावर कुंकू ठरे. हे कुंकू हळदीला टाकणखार व लिंबाचा रस यांची पुटे देऊन करीत. टाचा घासावयास पितळी वज्री असे. पतिनिधनानंतर मात्र अनेक घरांत स्त्रीस हा करंडा कायमचा मिटावा लागे. म्हणून शृंगाराची ही पेटी सामाजिक निर्दयतेचीही साक्षीदार आहे.

असल्या वस्तू मोडीच्या भावाने जात असता पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी त्या गावोगाव हिंडून जमविल्या. दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात करंडे, फण्या व वज्र्या आज पाहावयास मिळतात.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने पितळ लवकर हिरवे पडते, म्हणून ते चिंचेने घासण्याचा मोह होतो. वापरत्या भांड्यास ते योग्य. जुन्या करंड्यास नव्हे. कोपऱ्यात चिकटलेले मेण व कुंकू हाच त्यातील खरा लेख होय. तो न खरवडता करंडा कोरड्या जागी ठेवावा, आणि तो कोणाचा व कोठला, हे माहीतगार वडीलधारी हयात आहेत तोवरच चिठ्ठीवर लिहून ठेवावे.