वेशीबाहेरचा मुक्काम

तुळजापूरहून सोलापूरकडे निघालेला रस्ता बालाघाटाच्या कडेवरून घाट उतरतो आणि काळ्या मातीच्या सपाटीला लागतो. या दोन गावांमधील अंतर सुमारे ४५ किलोमीटर असून तामलवाडी हे गाव त्या वाटेवर साधारण मध्यावर वसले आहे. महामार्गाने जाणाऱ्यास ते टोलनाक्यामुळे ठाऊक असते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील या गावाला इतिहासाच्या ग्रंथांत मोठे स्थान नाही. तरीही मोठ्या शहरी कामासाठी जाणाऱ्या माणसाने शहरात न उतरता अलीकडेच मुक्काम का करावा, हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर राजधान्यांपेक्षा अशा वाटेवरच्या गावांकडेच पाहावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रयत्न करीत आहोत.

प्रथम पायांचा व बैलांचा हिशेब पाहू. आपल्या भाषेत ‘मजल’ हा शब्द आहे. एका दिवसात जेवढी वाट तोडता येते ती मजल. भरल्या बैलगाडीची मजल २०-२५ किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नसे. म्हणजे तुळजापूरकडून धान्य घेऊन निघालेल्या गाडीला सोलापूरची पेठ एका दिवसात गाठणे कठीण. मध्यावर कोठेतरी बैल सोडणे भागच होते. परंतु मजल हे एकच कारण नव्हते. रात्री शहरात शिरलेल्या गाडीवानाला जनावरांसाठी चारा-पाणी विकत घ्यावे लागे, मालाची राखण करावी लागे, आणि ज्या अडत्याच्या दारात आसरा मिळाला त्याच्याच भावाने सकाळी माल घालण्याचा संकोच पडे. वेशीबाहेर मुक्काम करून दिवसाउजेडी पेठेत उतरणारा शेतकरी त्या मानाने मोकळा असे. चार दुकाने फिरून भाव विचारणे त्याला शक्य होते. शहराबाहेरचा मुक्काम हा त्याच्या स्वातंत्र्याचाही भाग होता.

या वाटेवर दुसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे सरहद्द. १९४८ पर्यंत तुळजापूर व तामलवाडीचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, तर सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. मध्यंतरी १८५३ ते १८६० या काळात नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला होता आणि मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गाहून त्याचा कारभार पाहत असे. त्याच्या ‘तारा’ (१८६३) या कादंबरीत तुळजापूरचे चित्रण आले आहे. पुढे तो प्रदेश निजामाकडे परत गेला. एकाच मराठी बोलीच्या, एकाच देवदैवतांच्या आणि एकमेकांत सोयरिकी असलेल्या लोकांमधून ही रेषा गेली होती. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. सुमारे ७ हाली रुपये तेव्हा ६ कलदार होत. अलीकडे दरबाराची भाषा उर्दू, पलीकडे मराठी शाळा व मराठी वृत्तपत्रे. माल ओलांडताना करोडगिरीचा कर. अशा स्थितीत सोलापूरला जाणे म्हणजे नुसते शहराला जाणे नव्हते, तर दुसऱ्या राज्यात जाणे होते. माणसाने आदल्या रात्री आपल्या मुलखात, ओळखीच्या ओसरीवर अंग टाकावे आणि पहाटे परमुलखात पाऊल ठेवावे, यात शहाणपण होते.

हे शहरही झपाट्याने वाढत होते. १८६० साली सोलापूरला आगगाडी आली. १८७१ मध्ये तुळजापूर रस्त्यावरच, सोलापूरच्या उत्तरेस, एकरूखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव पूर्ण झाला. १८७७ मध्ये, दुष्काळाच्या ऐन वर्षात, आज ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, मराठवाड्यातून मजूर आले. ज्या वाटेने पूर्वी धान्याच्या गाड्या जात, त्याच वाटेने आता हाताला काम शोधणारी माणसे जाऊ लागली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी शहरच जवळ केले. ज्यांची शेती होती, म्हातारे आईबाप होते, त्यांनी घर गावी ठेवून शहराला कामापुरते जाण्याचा मार्ग पत्करला. कुटुंब एकत्र ठेवण्याचा हा एक प्रयत्नच होता.

शहर जसे बोलावते तसे भयभीतही करते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढील वर्षांत सोलापूरसह इलाख्यातील अनेक शहरांत पसरला. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याने घरांची झडती, प्रवाशांची तपासणी आणि विलगीकरण हे सारे सरकारच्या हाती आले. त्या दिवसांत दाट वस्ती सोडून मोकळ्या रानात झोपड्या घालून राहणे हाच सामान्य माणसाचा खरा उपाय ठरला. मग १९३० साल आले. मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. शहर पेटले असता सभोवतालची गावेच माणसाला श्वास घ्यायला जागा देतात.

परंतु वाचकहो, याच्या उलटही घडले, आणि ते विसरून चालणार नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जुलमाला कंटाळून निजामाच्या मुलखातील असंख्य कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी अशा गावांत आश्रयाला गेली. जे शहर एरवी गोंगाटाचे व परके वाटे, तेच तेव्हा सुरक्षित ठिकाण झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहूनच नळदुर्गाच्या दिशेने निघाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सोलापूर व तामलवाडी एकाच राज्यात नांदू लागली. म्हणून गाव तेवढे चांगले व शहर तेवढे वाईट, असा सोपा निवाडा आम्ही देऊ इच्छित नाही. आश्रयाची दिशा काळाप्रमाणे बदलते. आश्रय देणारे कोणीतरी असावे लागते, ही गोष्ट मात्र बदलत नाही.

याच रस्त्यावर आश्रय देण्याची एक जिवंत परंपरा आजही दिसते. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला लाखो भाविक पायी जातात. वाटेवर ठिकठिकाणी मंडळे व गावकरी चहा, फराळ व पाणी देतात, थकलेल्या पायांना मलम लावतात. येथे प्रवासाची दिशा उलटी आहे. शहरातला माणूस गावाच्या दारात येतो आणि गाव त्याला ‘तू कोण’ असे न विचारता बसायला जागा देते. आमचा धर्म वेगळा असला, तरी यातील आतिथ्य ओळखायला धर्म आड येत नाही.

तीर्थाच्या वाटेवर शेवटचा मुक्काम नगराबाहेर करण्याची रीत तर आपल्या प्रदेशात दृढच आहे. पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालख्या थेट पंढरीत शिरत नाहीत, त्या आधी वाखरीला थांबतात. वारीत आलेल्या इतर पालख्याही तेथे भेटतात आणि मग सारे मिळून नगरात प्रवेश करतात. त्या मुक्कामात मनाची तयारी होते, मागे राहिलेला सोबती येऊन मिळतो.

ख्रिस्ती वाचकाला हे वाचताना बेथानीची आठवण होणे स्वाभाविक आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानानुसार बेथानी यरुशलेमपासून पंधरा स्तादिया, म्हणजे सुमारे तीन किलोमीटरवर होती. वल्हांडणाच्या सणाला यरुशलेम यात्रेकरूंनी दाटून जाई. आपल्या ऐहिक जीवनाच्या अखेरच्या आठवड्यात प्रभू येशू दिवसा मंदिरात शिकवी आणि संध्याकाळी नगराबाहेर पडून बेथानीची किंवा जैतून डोंगराची वाट धरी. मार्था, मरिया व लाझरस यांचे घर त्याच गावात होते. ज्या नगरात त्याच्याविरुद्ध कट शिजत होता, त्या नगराकडे त्याने पाठ फिरवली नाही. मात्र रोज तेथे जाण्याचे बळ त्याला नगराबाहेरच्या मुक्कामात मिळत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस पवित्र भूमीला गेलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी सारा ख्रिस्ती समुदाय तेथे जमत असल्याचे नोंदवून ठेवले आहे. आज त्या गावाला लाझरसच्या नावावरून अल-अझरिया म्हणतात. या शतकाच्या आरंभी उभारलेल्या भिंतीमुळे यरुशलेमला जाणारी त्याची जुनी सरळ वाट तुटली असून लोकांना मोठा वळसा घ्यावा लागतो. शहर आणि त्याच्या दारातले गाव यांच्यामधून सरहद्द गेली म्हणजे काय होते, हे तुळजापूर तालुक्यातील जुन्या पिढीला वेगळे सांगावे लागले नसते.

येशूसंघाचा इतिहास वाचणाऱ्यांना आणखी एक नाव ठाऊक असेल, ला स्तोर्ता. रोमच्या उत्तरेस, नगराच्या अलीकडचे हे टपालाचे शेवटचे ठाणे. नोव्हेंबर १५३७ मध्ये पीटर फाबर व लाइनेझ या सोबत्यांसह रोमला निघालेले संत इग्नाती तेथील एका लहानशा प्रार्थनामंदिरात थांबले, आणि पुढील सेवेसाठी लागणारा धीर त्यांना तेथे मिळाला. रोमच्या भव्य मंदिरांत जे घडले नाही, ते वाटेवरच्या थांब्यावर घडले.

आता एक सावधगिरीचा धडा आपल्या समाजाच्याच इतिहासातून. मुंबई बेटाच्या उत्तरेस असलेले वांद्रे हे एके काळी ख्रिस्ती शेतकऱ्यांचे व कोळ्यांचे शांत गाव होते. १८४५ मध्ये माहीमचा पूल खुला झाला, पुढे आगगाडी आली, आणि वांद्र्यास राहून मुंबईस जाणे सोयीचे झाले. प्लेगच्या काळात शहरातून पळालेली कुटुंबे तेथे आली. त्या वेळी उभारलेले क्रूस आजही गल्ल्यांतून दिसतात. १९१८ मध्ये साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. ज्या शांततेसाठी लोक आले, ती त्यांच्या येण्यानेच हळूहळू ओसरली आणि आज वांद्रे स्वतःच महानगर झाले आहे. भातशेती गेली, जुनी घरे पडली. येणाऱ्यांचा यात दोष नाही. परंतु यजमान गावाने आपली जमीन, पाणी व माणसे यांचा विचार वेळीच केला नाही, तर मुक्कामाची जागा मुक्कामाला येणाऱ्यांतच बुडून जाते.

तामलवाडीच्या वाटेवरही काळ बदलतो आहे. बैलगाडीची एक मजल आता मोटारीने अर्ध्या-पाऊण तासात सरते. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५२ झाला आहे, आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. वेगाने अंतर कमी केले. यजमान मात्र वाढवले नाहीत. जो रस्ता गावातून जाई, तो आता गावाच्या कडेने जातो, आणि प्रवासी टोल भरून पुढे निघतो. पूर्वी ओसरीवर ज्याची विचारपूस होई, त्याची आता पावती होते.

तरीही मोठ्या शहरी जाण्याची कारणे संपलेली नाहीत. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठवाड्याच्या गावागावांतून माणसे उपचारासाठी तिकडे धाव घेतात. परीक्षा, न्यायालय, लग्नाचा बस्ता ही कारणे आहेतच. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच की, आप्ताला रुग्णालयात दाखल केले असेल, तर एकाने त्याच्या उशाशी राहावे, कारण रात्रीच्या प्रसंगी २० किलोमीटर हेही फार होतात. परंतु सारे कुटुंब आवारातल्या फरशीवर रात्री काढीत असेल, तर उरलेल्यांनी शहराबाहेर ओळखीच्या गावी मुक्काम करावा, शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी, तेथे दोन घास शांतपणे खावेत, झोप घ्यावी आणि सकाळी ताज्या मनाने पाळी बदलावी. काळजी घेणारा माणूस खचला तर आजाऱ्याची काळजी कोण घेणार?

हा सल्ला मात्र अर्धाच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग शहरांच्या वाटेवर ज्यांची घरे आहेत त्यांच्यासाठी आहे. बेथानी नकाशावर कोठे होती, हे विद्वान सांगतील. ती बेथानी झाली ती मार्थेने दार उघडले म्हणून. आपल्या घरी एक खाट, एक अंथरूण आणि वाढीव भाकरी वाटसरूसाठी ठेवणे फार खर्चाचे नाही. कोणत्या कुटुंबाला केव्हा अशी जागा लागेल व कोणते घर ती देऊ शकेल, याची साधी वही प्रत्येक धर्मग्रामाने ठेवली, तरी पुष्कळांच्या रात्री सुखाच्या जातील.