एकशे एक दिवसांचा धडा

भाषेवर प्रभुत्व असले की बातमी लिहिता येते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. ज्ञातिवृत्त लिहू इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांनी तो मनातून काढून टाकावा, एतदर्थ मराठी वृत्तपत्रसृष्टीतील एक जुनी घटना येथे निवेदन करतो.

इ. स. १८८१ च्या जानेवारीत पुण्यास ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादन गोपाळ गणेश आगरकर, तर इंग्रजी ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक पाहत. दोघेही ऐन पंचविशीतले, विद्वान आणि निःस्वार्थी. करवीरच्या तरुण चौथ्या शिवाजी महाराजांस वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे, अशी तेव्हा सर्वत्र बोलवा होती. कारभारी माधवराव बर्वे यांस दोषी दर्शविणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली आणि ती प्रसिद्ध झाली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी क्षमा मागितली, तरी १८८२ च्या जुलैत दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबरला ते सुटले.

पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे आपल्या गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. अर्थात संपादकांची कळकळ अनाठायी नव्हती. खोटा होता तो पुरावा. सत्पक्षाचीही हानी असत्य कागदाने कशी होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे, ही सहा उत्तरे मिळविणे हा वार्तालेखनाचा श्रीगणेशा होय. परंतु त्याआधी सांगणाऱ्यास ते कसे कळले, कागद कोणाच्या हातून आला, त्यात त्याचा हेतू कोणता आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे काय, हे विचारले पाहिजे. बातमी व मत यांची सरमिसळही होऊ देऊ नये. आपल्या मनास रुचणारी वार्ता तर दुप्पट पारखावी; कारण फसगत तेथेच होते.

आपल्या अंकात छापलेला शब्द घरोघरी वाचला जातो. एका चुकीच्या ओळीने एखाद्या कुटुंबाची मान खाली जाते आणि पुढील अंकातील दिलगिरीने ती पूर्ववत होत नाही. म्हणून ज्ञातिबंधूंनो, लेखणी अवश्य उचला. परंतु आधी खात्री करा.