‘कुशल’ शब्दाचा वाद : अर्थविचाराच्या अभ्यासास प्रवेश

भाषेच्या अभ्यासास आरंभ करणारा विद्यार्थी ध्वनी आणि रूपे यांच्या विवेचनात लवकर रमतो. कारण ध्वनी कानांनी ऐकता येतो, रूपे कागदावर मांडता येतात. अर्थाची गोष्ट निराळी आहे. तो सर्वांच्या परिचयाचा, तरीही नेमका हाती न लागणारा. म्हणूनच एखाद्या शब्दाचा ‘खरा’ अर्थ कोणता असे विचारले असता विद्यार्थी बहुधा व्युत्पत्तीकडे धाव घेतो. मूळ सापडले की अर्थ सापडला, असे त्याला वाटते. या समजुतीची परीक्षा आपल्याकडे फार पूर्वीच झालेली आहे, आणि तिचा इतिहास पाहणे हा अर्थविचारात प्रवेश करण्याचा एक सुगम मार्ग होय.

नामे धातूंपासून झाली आहेत, हा यास्काच्या निरुक्ताचा आधारभूत सिद्धांत. परंतु गार्ग्य व काही वैयाकरण यांना तो सर्वांशी मान्य नव्हता. क्रियेवरून नाव पडत असेल, तर ती क्रिया करणाऱ्या प्रत्येकास तेच नाव का पडू नये, असा त्यांचा आक्षेप यास्काने स्वतःच नोंदविला आहे. लाकूड तासणारे पुष्कळ, पण ‘तक्षन्’ म्हणजे सुतार हे नाव त्यांतील काहींनाच मिळते. लोकव्यवहारात असेच दिसते, असे यास्काचे उत्तर आहे. पुढे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलीने महाभाष्यात घटाचा दृष्टांत दिला. घट हवा असणारा कुंभाराकडे जातो. शब्द हवा असणारा मात्र वैयाकरणाच्या घरी जात नाही. शब्द लोकांत सिद्धच असतात, हे त्याचे तात्पर्य.

हाच प्रश्न ‘कुशल’ या शब्दाच्या निमित्ताने साहित्यशास्त्रात पुन्हा उभा राहिला. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने काव्यप्रकाशात हा शब्द रूढिमूलक लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला. ‘कुश’ नावाचे दर्भ तोडून आणणारा तो कुशल, हा मुख्यार्थ. ‘निपुण’ हा अर्थ लक्षणेने आलेला व रूढीने स्थिरावलेला. चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथाने, कोणाचे नाव न घेता, हे मत खोडून काढले. शब्द ज्या कारणाने सिद्ध होतो ते एक, आणि तो ज्या कारणाने वापरला जातो ते दुसरे, असा भेद त्याने पुढे केला. ‘गो’ शब्द गमनवाचक धातूपासून झाला आहे. व्युत्पत्तीनेच मुख्यार्थ ठरत असेल, तर ‘गाय निजली आहे’ या साध्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल! तेव्हा ‘निपुण’ हाच ‘कुशल’ शब्दाचा मुख्यार्थ होय.

युरोपात या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे रूप उशिरा आले. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने 1883 मध्ये ‘सेमांतिक’ ही संज्ञा योजिली, आणि 1897 मध्ये या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्दाचे मूळ विस्मृतीत जाणे ही भाषेची हानी नसून सोय आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. सोस्यूरची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये ग्रंथरूपाने निघाली. त्यांत एका काळातील भाषाव्यवस्था आणि भाषेचा कालक्रमाने होणारा बदल या दोन अभ्यासांतील सीमारेषा स्पष्ट आखली गेली. विश्वनाथाचा भेद आणि सोस्यूरचा भेद एकच नव्हेत. पहिला एका शब्दापुरता, दुसरा अवघ्या भाषेपुरता आहे. तथापि शब्दाचे मूळ आणि त्याचे चालू मूल्य यांची गल्लत करू नये, हा इशारा दोघांच्याही विचारातून मिळतो.

मराठीच्या अभ्यासकास या इशाऱ्याची गरज विशेष आहे. तिळापासून निघते ते तैल. पण ‘करडईचे तेल’ म्हणताना कोणालाही तीळ आठवत नाहीत. ‘शिक्षा’ म्हणजे संस्कृतात शिकवण, मराठीत दंड. ‘राजीनामा’ या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. फारसीत तो संमतिपत्राचा वाचक. मराठेशाहीतील न्यायनिवाड्यांत पंचांचा निर्णय आम्हांस मान्य होईल असे वादी-प्रतिवादी लिहून देत, तो राजीनामा. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत जमिनीवरील हक्क सोडताना लिहून द्यावयाच्या कागदासही हेच नाव होते. आज राजीनामा म्हणजे पदत्याग. जुन्या निवाडपत्रातील राजीनामा आजच्या अर्थाने वाचणारा अभ्यासक, पंचांपुढे उभे राहण्यास तयार झालेल्या पक्षकाराने माघार घेतली असे समजेल, आणि कागदाचा इतिहासच उलटा होईल.

चूक दोन्ही दिशांनी संभवते. आजचा अर्थ जुन्या कागदावर लादणे ही एक. जुना अर्थ आजच्या बोलणाऱ्यावर लादणे ही दुसरी. व्युत्पत्ती टाकाऊ आहे, असे यावरून समजू नये. शब्द कोठून आला हे ती सांगते. तो आज कोठे आहे हे मात्र वापरच सांगतो. अर्थविचाराच्या विद्यार्थ्याने कोशातील मूळ पाहून थांबू नये. शब्द कोणत्या काळी, कोणत्या वाक्यात, कोणी कोणास उद्देशून वापरला, हे पाहिल्यावाचून त्याच्या अर्थाविषयी निर्णय देऊ नये.