कल्याणला उतरा, काख दाखवा

साल 1897. बोरीबंदरहून सुटलेल्या गाडीत तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. घर शहाडला, म्हणजे कल्याणच्या पुढचंच गाव. सेंच्युरी रेयॉन नाही. उल्हासनगरचं नाव जन्माला यायलाही 52 वर्षं आहेत. पण कल्याणला गाडी थांबते ती थांबतेच. प्लेगची तपासणी! सगळे खाली, फलाटावर रांगेत. डॉक्टर नाडी बघतो, मग काखेत बोटं खुपसून गाठ चाचपतो. अंग जरा कोमट लागलं की रांगेतून बाजूला. साधा ताप आहे म्हणाल, पण ऐकतो कोण?

तिकडे मुंबईत हाफकिनसाहेबांनी 10 जानेवारीला आपणच बनवलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली आहे. त्यांच्या सूक्ष्मदर्शकात डोकावा: दोन्ही टोकं गडद, मध्ये फिका, सेफ्टी पिनसारखा जंतू. 1894 साली हाँगकाँगात येर्सिनला दिसला तो असाच. मग मुंबईच्या मांडवी भागातला हा जंतू तिथूनच आला का? जात कळली, कूळ काही कळत नाही.

आता 1994 मध्ये या. बीडच्या मामला गावात गाठी, सुरतेत फुप्फुसाचा प्लेग. लोक सुरत सोडून पळताहेत आणि तज्ज्ञ वाद घालताहेत, हा प्लेग आहे तरी का?

हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत त्या साथीतल्या जंतूंचा डीएनए तुमच्यापुढे आहे. पद्धत आरएपीडी. एक आखूड प्रायमर घाला. तो जिथं जिथं जोडीने चिकटेल तिथले तुकडे पीसीआर यंत्र भरमसाट वाढवतं. पिपेटने निळा थेंब जेलच्या खाचेत सोडा. हात थरथरला तर शेजारच्या खाचेत सांडेल, सावकाश! वीज सोडली की तुकडे धन टोकाकडे निघतात, लहान पुढे, मोठे मागे. अतिनील दिव्याखाली नारिंगी पट्टे उजळतात. ओळखीच्या प्लेगजंतूचे पट्टे शेजारी ठेवून ताडून पाहा.

पद्धत स्वस्त, पण लहरी. यंत्र बदललं की एखादा पट्टा गायब होतो. नुसत्या पट्ट्यांवर निकाल देऊ नये. तिथल्या शास्त्रज्ञांनी जात ओळखायला वापरतात त्या 16एस जनुकाचा क्रमही वाचला, हे बरं केलं. कुळाचा शोध घ्यायचा तर राइबोटायपिंग, म्हणजे राइबोसोमच्या जनुकांचे पट्टे ताडणं, जास्त भरवशाचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत 1994 सालीच त्या पद्धतीने जगभरातल्या प्लेगजंतूंची घराणी लावली गेली.

हैदराबादचा निष्कर्ष निघाला: येर्सिनिया पेस्टिसच, म्हणजे प्लेगच. तो छापून आला 2000 साली. साथ 1994 मध्येच आवरली होती.