जनावराच्या दवाखान्याचं बिल कोण भरतं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक पिल्लू आलं. आलं म्हणजे लेकीनं रंकाळ्याजवळून दप्तरात घालून आणलं. नाव ठेवलं बंट्या. पहिली लस दिली. दुसऱ्या लसीची तारीख कार्डावर लिहिलेली होती आणि ते कार्ड फ्रिजवर लावलेलं होतं. माझ्या डोक्यात मात्र निवडणुकीच्या बातम्या. तारीख उलटून नऊ दिवस झाले आणि एका सकाळी बंट्या खायचं बंद झाला. संध्याकाळपर्यंत उलट्या, रात्री रक्ताची हगवण.

आधी मी जवळच्या एका ठिकाणी गेलो. तिथल्या माणसानं एक इंजेक्शन टोचलं, ‘उद्यापर्यंत टकाटक’ म्हणाला आणि तीनशे रुपये घेतले. तो डॉक्टर होता की नव्हता, हे मी विचारलंच नाही. रोज लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा मी पत्रकार, पण तिथं तोंड उघडलं नाही. दीड दिवस वाया गेला. मग खऱ्या डॉक्टरांकडं गेलो. तपासणी झाली, पार्व्हो निघाला. चार दिवस सलाईन, औषधं, रक्ततपासणी. एकूण बिल ९,८०० रुपये. बंट्या वाचला.

शेजारचे आबा म्हणाले, “कुत्र्याला धा हजार? म्हशीला घातलं असतंस तर दूध तरी दिलं असतं की रं!”

मी हसलो. पण दवाखान्यातला एक प्रसंग मनातून जात नव्हता. माझ्या आधी एक रिक्षावाले मामा बसले होते. मांडीवर असंच एक पिल्लू, टॉवेलात गुंडाळलेलं. डॉक्टरांनी अंदाजे खर्च सांगितला. मामांनी दोनदा विचारलं, “किती म्हणालासा?” मग उठले आणि पिल्लू घेऊन निघून गेले. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. अंदाज मात्र सगळ्यांनाच येईल.

त्या रात्री मला एक प्रश्न पडला. जनावराच्या औषधपाण्याचा खर्च आपल्याकडं आजवर कोण उचलत आलं? आबांच्या म्हशीचा कोण उचलायचं, राजाच्या हत्तीचा कोण, आणि कुत्र्याचा कुणीच का नाही? जुनं वाचायची खोड आहे, म्हणून शोधत गेलो. सापडलं ते सांगतो.

पहिला मान दरबाराचा. आपलं कोल्हापूर हे जनावरांच्या शौकाचं संस्थान. पागा होत्या, हत्ती होते, शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तेव्हा इथं आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. शाहू महाराजांच्या काळात हत्तींची साठमारी चालायची, त्या मैदानाचं नाव अजून शहरात आहे. एवढी जनावरं म्हटल्यावर त्यांना बघणारी माणसं आलीच. घोड्यांच्या वैद्याला जुन्या काळी सालोत्री म्हणत. शब्द आला शालिहोत्र ऋषींवरून, ज्यांच्या नावावर अश्वशास्त्राचा ग्रंथ आहे. हत्तींच्या वैद्यकासाठी पालकाप्य मुनींचं नाव घेतात. म्हणजे शास्त्र आपल्याकडं होतं. पण सालोत्री बघायचा तो पागेतला घोडा, कारण पगार खजिन्यातून यायचा. गावातल्या बैलाला डाग देणारा, पाला वाटून पाजणारा जाणकार वेगळा. त्याचा मोबदला धान्यात, नाहीतर नुसत्या रामरामात.

दुसरा मान महाजनांचा. इथं गोष्ट मुंबईला जाते, आणि ती गोष्ट कुत्र्यांचीच आहे. १८३२ साली इंग्रज सरकारनं मुंबईतली मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला. मारणाऱ्याला कुत्र्यामागं बक्षीस. बक्षिसाच्या लोभानं लोक पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व. जून महिन्यात लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद पडली, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या शेठजींच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. म्हाताऱ्या, लंगड्या, बेवारस जनावरांना तिथं आसरा. अशा पांजरपोळांचा खर्च कसा चालायचा? व्यापारी आपल्या मालावर थोडी थोडी लाग बसवायचे. एकट्यावर भार नाही, आणि पैसाही आटत नाही. आपल्या कोल्हापुरातही पांजरपोळ आहे, आणि तोही दात्यांच्या जिवावरच उभा आहे.

तिसरा मान सरकारचा. सरकार जनावरांच्या दवाखान्यात आलं ते भूतदयेपोटी नाही, भीतीपोटी. भीती होती बुळकांडीची. जुन्या माणसांना हा शब्द अजून आठवतो. गुरांना ताप, तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्याभरात दावणी रिकाम्या. बैल मेला की शेत पडीक, शेत पडीक की सारा बुडाला. शिवाय लष्कराला घोडे लागायचे. म्हणून १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, १८८६ साली परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, आणि त्याला जोडून बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ होतंच. १८८९ साली पुण्यात सुरू झालेली प्रयोगशाळा पुढं हिमालयात मुक्तेश्वरला नेली. बुळकांडीवर लस शोधायचं काम तिथं पिढ्यानपिढ्या चाललं. अखेर २०११ साली जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. माणसानं संपवलेले रोग दोनच, देवी आणि बुळकांडी. या दुसऱ्या लढाईचा एक धागा आपल्या पुण्यातून निघाला होता, हे किती जणांना माहीत आहे?

१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावचे जनावरांचे दवाखाने वाढले. त्यांत श्रेणी एक आणि श्रेणी दोन असा फरक असतो. श्रेणी एकमध्ये पदवीधर डॉक्टर, म्हणजे पशुधन विकास अधिकारी. श्रेणी दोनमध्ये पदविका घेतलेले पर्यवेक्षक. हा फरक आपण कधी विचारतच नाही. आज सरकारी फिरत्या पथकाला बोलवायचा फोन नंबरही १९६२ आहे. तो मुख्यतः गुरांसाठी.

चौथा मान सहकाराचा, आणि इथं आपण कोल्हापूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. १९६३ साली जिल्हा दूध संघ स्थापन झाला, ज्याला आपण गोकुळ म्हणतो. दूध पाहिजे तर म्हैस जगली पाहिजे, म्हणून संघानं स्वतःचे डॉक्टर, कृत्रिम रेतन, वासरू संगोपन हे सगळं उभं केलं. रात्री म्हैस अडली तर कुणाला फोन करायचा हे आबांना तोंडपाठ आहे. खर्च हजारो सभासदांच्या दुधात वाटला गेला, म्हणून एकट्या आबांचं कंबरडं मोडलं नाही. ही पांजरपोळाच्या लागेचीच पुढची पायरी. मला तर कोल्हापूरच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट वाटते. साखर कारखान्यांवर पुस्तकं निघतात, पण म्हशीच्या डॉक्टरवर कुणी दोन ओळी लिहीत नाही.

आता बघा. दरबाराचा हत्ती, महाजनांची गाय, सरकारचा बैल, सहकाराची म्हैस. यात कुत्रं-मांजर कुठं आहे? मुंबईत पांजरपोळाची सुरुवात कुत्र्यावरून झाली खरी, पण पुढं सगळ्या व्यवस्था गुरांसाठी झाल्या. कुत्रं उरल्या भाकरीवर जगायचं आणि आजारी पडलं की एखाद्या आडोशाला जाऊन मरायचं. अपवाद मोठ्या घरचे. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी शिकारी कुत्र्यांची जात जपली, त्या कुत्र्यावर २००५ साली टपाल तिकीट निघालं. बाकीच्या कुत्र्यांना ना समाधी, ना तिकीट.

पार्व्होचंच घ्या. हा रोग जगात पसरला तो १९७८ च्या सुमाराला. म्हणजे आमच्या आजोबांच्या कुत्र्याला तो माहीतच नव्हता. ‘आमच्या वेळी कुठं होत्या लसी, तरी जगत होतीच की कुत्री’ असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. रोग नवा आहे, आणि त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. रेबीज मात्र जुना. १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली तेव्हा कुत्रं चावलेल्या माणसांना लांबलांबून रेल्वेनं तिथं जावं लागायचं. आज माणसाला लस सीपीआरमध्ये मिळते. पण लक्षणं दिसल्यावर मरण जवळजवळ नक्की, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. म्हणून कुत्र्याची लस ही श्रीमंताची हौस नाही. ती गल्लीतल्या पोरांच्या जिवाची गोष्ट आहे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीसाठी अख्खा जिल्हा रस्त्यावर आला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. पण कोर्टातला मोठा मुद्दा तिच्या पायांचा, सांध्यांचा, तब्येतीचा होता. आणि तोडगा म्हणून जे बोललं गेलं तेही नांदणीजवळ उपचाराचं केंद्र उभारायचंच. माया आपल्याकडं कमी नाही. पण माया मोर्चातून दिसते आणि उपचार रोज करावा लागतो. तो रोजचा खर्च कोण करणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. २०१९ च्या महापुरात गोठ्यातली जनावरं सोडून घराबाहेर न पडणारी माणसं आपलीच. त्याच माणसांच्या दारातलं कुत्रं बिलाचा आकडा ऐकून घरी परत जातं.

मग करायचं काय? मी ठेचा खाऊन शिकलो, ते सांगतो.

एक, डॉक्टर आजारपणात शोधू नका. जनावर धडधाकट असताना एकदा जाऊन या. रात्री कोण असतं, एक्स-रे आणि रक्ततपासणी तिथंच होते की बाहेर पाठवतात, कुत्री-मांजरं रोज बघतात की कधीमधी, हे विचारा.

दोन, नोंदणी विचारा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं डॉक्टरची नोंदणी लागते, आपल्याकडं ती महाराष्ट्र राज्य परिषदेत होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नाही. चांगला डॉक्टर न रागावता सांगतो. खाद्याच्या दुकानात किंवा ‘अनुभवी’ माणसाकडून इंजेक्शन टोचून घेऊ नका. माझे तीनशे रुपये गेले त्याचं दुःख नाही, दीड दिवस गेला त्याचं आहे.

तीन, पैशाचं तोंड उघडून बोला. “डॉक्टर, माझ्याकडं एवढेच आहेत. आज काय केलंच पाहिजे आणि काय थांबू शकतं?” हे वाक्य पाठ करा. लाजून उठून जाण्यापेक्षा हे बरं. बऱ्याचदा मधला मार्ग निघतो. औषधं लिहून घ्या, बिल मागा.

चार, सरकारी दवाखाना विसरू नका. शहरात जिल्हा पशुवैद्यकीय सर्व चिकित्सालय आहे. तिथं फक्त म्हशीच नेतात असा समज आहे, तो सोडा आणि आधी तिथं चौकशी करा.

पाच, लस चुकवू नका. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून सुरुवात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मी काही शेकड्यांचा डोस विसरलो आणि हजारांत फेडला.

सहा, भिशी. कोल्हापूरकराला भिशी शिकवायला नको. जनावराच्या नावानं महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाका, दोन वर्षांत पाच हजारांच्या जवळ जाता. विमाही मिळतो, पण वयाची अट आणि काय धरलंय, काय नाही, हे वाचून घ्या.

आणि सातवी गोष्ट एकट्यानं होणारी नाही. आपल्या पेठापेठांत तालमी आहेत, मंडळं आहेत. गणपतीला वर्गणी जमते, साऊंडला लाखो जातात. त्यातला थोडा वाटा बाजूला काढून प्रत्येक मंडळानं वर्षातून एकदा गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणाचं शिबिर घ्यावं. अडलेल्यासाठी छोटा निधी ठेवावा. जुन्या व्यापाऱ्यांची लाग हीच होती आणि दूध संघानंही हेच केलं. खर्च वाटून घ्यायचा. आपल्याला हे नवीन नाही, फक्त कुत्र्यासाठी कधी केलं नाही.

बंट्या आता दांडगा झालाय. आबांच्या दारात जाऊन बसतो आणि तेच आबा त्याला दुधात भाकरी कुस्करून घालतात. परवा म्हणाले, “औंदा लशीची तारीख कवा हाय रं त्याची?” मी कार्ड दाखवलं.

त्या रिक्षावाल्या मामांना मी तेव्हा थांबवलं नाही. “जरा बसा, डॉक्टरांशी परत बोलूया,” एवढं म्हणायला पैसे लागत नव्हते. पुढच्या वेळी म्हणेन. तुमच्या पेठेत शिबिर घ्यायचं असेल तर कळवा, बातमी मी करतो.