अहवाल कुणासाठी? सुमित्रा भावेंची गोष्ट

समजा, तुम्ही वस्तीतल्या बायकांवर संशोधन केलंय. त्यांनी तुमच्यापुढे आपलं आयुष्य उलगडलं, तुम्ही जाडजूड अहवाल लिहिलात. पण त्यातल्या कितीतरी जणींना वाचताच येत नाही! मग तो अहवाल कुणासाठी?

हा प्रश्न सुमित्रा भावेंना पडला. १९४३ साली पुण्यात जन्मलेल्या सुमित्राताईंचं शिक्षण समाजकार्याचं, कामही शिकवण्याचं आणि संशोधनाचं. सिनेमाचं शिक्षण अजिबात नाही. तरी त्यांनी ठरवलं, या बायकांना आपली गोष्ट पडद्यावर दिसली पाहिजे. १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांचं वय होतं ४२.

पुढे त्यांच्या जोडीला आले फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर. लेखन मुख्यतः ताईंचं, दिग्दर्शन दोघांचं. त्यांचा पहिला मोठा सिनेमा ‘दोघी’, १९९५चा. घर जगवण्यासाठी मोठी बहीण मुंबईला जाते, देह विकते. आणि परत आल्यावर तेच घर तिच्याकडे पाठ फिरवतं. मग ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य. ज्या आजारांबद्दल घरात कुजबुजत बोलायचे, ते त्यांनी सरळ गोष्टीच्या मध्यभागी आणले.

आता तुम्ही म्हणाल, असे सिनेमे चालतात का? खरं सांगायचं तर, थिएटर मिळवणं हीच मोठी लढाई असायची. २०१६च्या सिनेमांमधून ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. १९५३च्या ‘श्यामची आई’पासून मोजलं, तर हा मान मिळवणारा तो पाचवाच मराठी सिनेमा. त्याचे निर्माते कोण? भावे, सुकथनकर आणि डॉ. मोहन आगाशे. म्हणजे पैसे उभे करण्याची जबाबदारीही आपल्याच डोक्यावर!

१९ एप्रिल २०२१ला ताई गेल्या. पुढच्याच महिन्यात त्यांचा ‘दिठी’ आला, दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. जवान मुलगा गमावलेला एक वारकरी बाप, आणि अडलेल्या गाईची सुटका करायला त्याला आलेलं बोलावणं. लॉकडाऊनचे दिवस, घरोघरी माणसं गेलेली. सिनेमा थेट ओटीटीवर, म्हणजे आपल्या फोनवर आला. ज्यांचं दुःख, त्यांच्याच हातात.

‘अहवाल कुणासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर ताई ३५ वर्षं देत राहिल्या. आज रात्री रील्स जरा बाजूला ठेवा आणि ‘दिठी’ बघा. भेटू पुढच्या भागात!